मुराळी होऊन पिशोरला

रॉक बँडच्या मागे हिंडताना पिशवीत काय काय असावं, हे मला आता पाठ झालंय. कानात घालायचे बोळे, डोकेदुखीच्या गोळ्या, जास्तीचा चार्जर आणि एखादं जाडजूड पुस्तक, कारण ही मंडळी 'आलोच' म्हणून गेली की निदान दोन प्रकरणं तरी वाचून होतात. नारळ, साखरेचा पुडा आणि हळदीकुंकवाची पुडीही लागेल, असं मात्र इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला यंदाच्या हिवाळ्यात छत्रपती संभाजीनगरनं शिकवलं.

गेले होते 'गावठाण'साठी. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं मूल आहे त्यांना 'गावठाण' काय हे सांगायला नको. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांची गाणी पाठ झाली असतील. बाकीच्यांसाठी सांगते, मराठीत गाणारा हा सध्याचा सगळ्यांत गाजलेला रॉक बँड. त्यांचा गायक दिगंबर, म्हणजे दिगू. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार, मंचावर वाघ आणि पत्रकारासमोर मुका. मी मूळची रत्नागिरीची, राहते पुण्यात, एका साप्ताहिकात संगीतावर लिहिते, आणि या दिगूची सविस्तर मुलाखत मिळावी म्हणून कितीतरी दिवस त्याच्या मागावर होते. आता 'गावठाण'चा पहिलावहिला कार्यक्रम दिगूच्या स्वतःच्या गावी होणार होता. आपल्या गावात माणूस जरा सैल पडतो, अशी माझी अटकळ होती.

मला मुख्यतः विचारायचं होतं ते एका गाण्याबद्दल. 'न्यायला कुणी येईना' हे ते गाणं. हजारो पोरं शेवटची ओळ ओरडून म्हणतात आणि घसा बसवून घरी जातात. गाणं निघालं तेव्हा मी त्यावर मोठा लेख लिहिला होता. दारात बसून वाट बघणारा हा माणूस मृत्यूची वाट बघतोय, महानगरातल्या एकटेपणाचा हा आक्रोश आहे, वगैरे वगैरे. लेखाचं पुष्कळ कौतुक झालं. दिगूनं मात्र त्यावर 'हं' एवढंच म्हटल्याचं माझ्या कानावर आलं होतं, आणि ते 'हं' मला अजून टोचत होतं.

छावणी

पोहोचले त्याच दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत दिगू खिडकीशी पाठ करून उभा होता आणि बँडचा व्यवस्थापक रोहन डोकं धरून बसला होता. रोहन मुंबईचा, एका वेळी दोन फोनवर बोलणारा, चपळ मुलगा.

"मॅडम, तुम्हीच सांगा आता ह्याला. म्हणतो, ते गाणं गाणार नाही! लोक त्याच गाण्यासाठी येतायत."

"आक्का आली तर गाईन," दिगू म्हणाला. "नाय तर नाय."

एवढं बोलून तो गच्चीवर निघून गेला. मग बँडचा ड्रमर अमोल मला शहरातल्या छावणी भागातल्या बाजारात नाश्त्याला घेऊन गेला आणि तिथं, मिरचीभज्यांच्या कढईसमोर, मला सगळा उलगडा झाला. अमोल आणि दिगू दोघंही छावणीतलेच, घराला घर लागून. अमोलचा हात भीमजयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलावर बसला. दिगूचा ताल मात्र त्याच्या आक्काच्या भांड्यांवर तयार झाला. लहानपणी दिगूची आई गेली, मोठ्या बहिणीनं, कौसल्याआक्कानं, त्याला वाढवलं. तिच्या लग्नासाठी आणून ठेवलेली पातेली हा गडी उलटी घालून बडवायचा. वडील रागवायचे आणि आक्का म्हणायची, "पोचे पडले तर पडू द्या, सासरी सांगंन की माह्या भावाचं काम हाय म्हणून."

आक्का पिशोरला दिली. कन्नड तालुक्यातलं मोठं, बाजाराचं गाव. दर नागपंचमीला, दर दिवाळीला वडील तिला आणायला जायचे. सासरी असलेल्या लेकीला आणायला माहेराहून माणूस पाठवायचा, त्याला इकडे 'मूळ लावणं' म्हणतात, आणि जो आणायला जातो तो मुराळी. वडील गेल्यावर ते काम दिगूकडे आलं. सुरुवातीला तो गेला. मग बँड मोठा झाला, दौरे सुरू झाले, फोनवर 'आक्का, पुढच्या पंचमीला नक्की' सुरू झालं, छावणीतल्या घराला कुलूप लागलं. आक्का काही आपणहून आली नाही.

"न्यायला कुणी येईना," अमोल भज्याचा तुकडा मोडत म्हणाला. "ते तिचंच गाणं हाय ना, मॅडम."

माझा मृत्यू, माझं महानगर, माझा आक्रोश, सगळं त्या कढईत तळून निघालं. मी गुपचूप अजून एक भजं घेतलं.

आमच्या रत्नागिरीकडे असली काही भानगड नाही. भाऊ फोनवर 'ये गो' म्हणतो आणि आपण गणपतीच्या गर्दीत एसटीचं आरक्षण मिळवायला जिवाचं रान करतो. पोहोचल्यावर भाऊ म्हणतो, 'इतका उशीर?' मला इतकी वर्षं तेच बरं वाटत आलं होतं. बाई माणूस, आपल्या पायांनी यावं, आपल्या पायांनी जावं.

हॉटेलात परतलो तर रोहननं तोडगा काढून ठेवला होता. दिगूला पत्रकारांना भेटायचं होतं, ध्वनीची चाचणी होती, त्याला सोडणं शक्य नव्हतं. म्हणून मुराळी म्हणून मी जायचं!

"बाईमाणूस गेलं तर आक्का दारातून परत लावणार नाय," दिगू माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही तिला आणा मॅडम. मग पाहिजे ते विचारा, पाहिजे तेवढं बोलतो."

मुलाखतीच्या लालसेनं मी हो म्हटलं. बिनधास्त.

वेरूळमार्गे

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन सलीमभाई आले. साठीच्या आसपासचे, मेंदी लावलेली दाढी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाबद्दल स्वतःचं मत. मागच्या सीटवर रोहननं दिलेली भेटीची पिशवी होती: पहिल्या रांगेचे पास, पंचतारांकित हॉटेलातल्या खोलीची चावी आणि 'गावठाण'चा काळा टीशर्ट, छातीवर ही एवढी कवटी. सलीमभाईंनी आरशातून पिशवीत डोकावून पाहिलं.

"मूळ लगाने जा रहे ना मॅडम? और ये काला कपडा?"

"बँडचा आहे."

"हौ, वो तो दिख रा. नारियल किधर है?"

नारळ नव्हता. दौलताबादच्या पुढे सलीमभाईंनी गाडी थांबवली, स्वतः उतरून नारळ, साखर आणि हळदीकुंकू घेतलं, वर पेरूंची एक पिशवी माझ्यासाठी. पेरू कापून वर तिखटमीठ. घाट चढताना मी ते खात होते आणि खालचं सगळं पिवळं माळरान उन्हात पसरलं होतं. कोकणात डोळ्याला सतत काहीतरी आडवं येतं, झाड तरी, डोंगर तरी, शेजाऱ्याचं कुंपण तरी. इकडे नजर सुटली की सुटलीच.

वेरूळला मी हट्टानं उतरले. कैलास लेणं मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यातल्या पुरीवर होतं. या वेळी वरच्या कड्यावरून पाहिलं. इतकं मोठं देऊळ वरून खाली कोरत आणलं, म्हणजे पहिला घाव घालणाऱ्यानं शेवट पाहिलाच नसणार, या विचारानं मला गलबलून आलं. तेवढ्यात एका माकडानं माझा उरलेला पेरू पळवला, आणि मी देवळाच्या भव्यतेला शोभणार नाहीत अशा दोन शिव्या दिल्या. शेजारची शाळेची मुलं खूश झाली.

पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. त्यांच्या मागे रांगत रांगत पिशोरला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गावाबाहेर आल्याची शेतं होती, काढलेल्या आल्याचे ढीग धुवायला घातले होते आणि हवेला चहाची आठवण करून देणारा वास होता.

आक्काचं घर रस्त्याला लागूनच, स्लॅबचं, ओट्यावर कापसाची गाठोडी. दारात स्वतः आक्का. पन्नाशीची, उंच, काटक, डोक्यावर पदर. डोळे हुबेहूब दिगूचे, फक्त ते समोरच्याकडे थेट बघणारे.

"या. पाय धुवा," ती म्हणाली. तांब्या पुढे केला. मग मी कोण, कशाला आले ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मुराळी व्हय तुमी?"

"हो."

"माय! बाई मुराळी झाली, हे म्या जल्मात ऐकलं नाय." आणि आत वळून हाक दिली, "आवं, आयकलं का, मुराळीन आलीय!"

तिचे यजमान आतून आले, सगळे त्यांना दाजी म्हणत होते म्हणून मीही म्हटलं. हसरे, कमी बोलणारे. मी पिशवी उघडायला लागले तर आक्कानं हातानं थांबवलं.

"आगूदर जेवा. मंग नाय म्हणते."

असा नकार मला आयुष्यात कुणी दिला नव्हता! ज्वारीची भाकरी, येसराचा भाजका मसाला घालून केलेली झणझणीत आमटी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि वर घरचं तूप. पहिल्याच घासाला माझ्या कोकणी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आमच्याकडे तिखटाला नारळ समजावून सांगतो. इथं तिखट एकटंच घरात राहतं. आक्का गूळ पुढे सरकवत म्हणाली, "रडू नका, आजून नाय म्हणले कुठं."

जेवण झाल्यावर मी पिशवीतल्या वस्तू एकेक करून मांडल्या. पास पाहून ती म्हणाली, "पास काय, एस्टीचाबी मिळतो." टीशर्ट तिनं बाजूला सारला, दाजींनीच तो उचलून कवटीकडे कौतुकानं पाहिलं. हॉटेलच्या खोलीची चावी दाखवली तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

"हे काय?"

"राहायची सोय. खूप छान हॉटेल आहे, गरम पाणी, एसी…"

"माह्या माहेरी म्या हाटेलात राहू?" तिनं चावी माझ्याकडे परत सरकवली. "घर उघडलं का त्यानं? झाडलं का? च्या करायला साखर तरी हाय का घरात? नाय ना? मंग मूळ कशाचं लावू राह्यला त्यो?"

मी चावी परत पिशवीत टाकली. तिनं नारळ आणि साखर देव्हाऱ्यासमोर ठेवली, मला कुंकू लावलं, शेतातला कोवळा हुरडा भाजून पुडीत बांधून दिला आणि म्हणाली, "लई कष्टानं आलात. पण मी नाय येत. त्याला सांगा, गाणं चांगलं म्हण."

निघताना दाराआड एक भरलेली पिशवी दिसली, वर घडी घातलेला नवा टॉवेल. घरात कुणी तरी गावाला निघालं असेल, असं मला वाटलं. दाजी गाडीपर्यंत आले आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, ती रुसली नाय. ती वाट बघती."

मैदानावरची खडाजंगी

मोहीम फसली की मला भूक लागते. परतल्यावर सलीमभाईंनी मला शहागंजाच्या बाजूला नान-खलिया खायला नेलं. हळदीनं पिवळा झालेला, तांब्याच्या देगीत शिजलेला मटणाचा रस्सा आणि जाडजूड, मऊ नान. मासे सोडून इतक्या भक्तिभावानं मी फार कमी गोष्टी खाल्ल्या आहेत. सलीमभाई म्हणाले, "आपा को लाने भाई ही जाना पडता. हमारे में भी वैसाच है. आप खाओ, फिर उसकू बोलो."

म्हणून मी पोटभर खाल्लं आणि बोलायला गेले.

मैदानावर मंच उभा राहत होता. दिगू माइकपुढे 'चेक, चेक' करत होता, तंत्रज्ञ तारा ओढत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, "मग ते गाणं कार्यक्रमातून काढू, रोहन."

आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर उन्हात ट्रॅक्टरांमागे रांगून, माकडाला पेरू देऊन, तिखटानं रडून मी परत आले होते, आणि हा गाणं काढायला निघाला होता.

"अरे दिगू," मी म्हटलं. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "बहिणीला न्यायला ये म्हटलं तर पत्रकार पाठवतोस? उद्या राखी बांधून घ्यायलाही मलाच बसव! गाणं लिहिता येतं, हजार माणसांपुढे रडता येतं, आणि पिशोरला जाता येत नाही? घराला कुलूप, आणि तिला हॉटेलची चावी! लाज कशी वाटत नाही?"

माइक चालू होता, हे मला मागाहून कळलं. मैदानभर माझा आवाज घुमला. विजेचे दिवे बांधणारी माणसं वर शिडीवर थबकून ऐकत होती.

"वाटते," दिगू म्हणाला. तेही मैदानभर ऐकू गेलं. त्यानं माइक बंद केला. "लाजच वाटते मॅडम. एकदा चुकलं, मग दुसऱ्यांदा जायला तोंड नाय राह्यलं. मग लई वर्षं झाली. आता कोणत्या तोंडानं जाऊ? ती काय बोलणार नाय, जेवायला वाढील, तेच मला सहन व्हायचं नाय."

मला त्याची दया आली आणि रागही राहिला. दोन्ही एकदम वाटू शकतं, विशेषतः धाकट्या भावांबद्दल.

अमोल ड्रमच्या मागून उठला. "घराची चावी माह्या आईकडं हाय," तो म्हणाला.

महाराष्ट्रातला सगळ्यांत गाजलेला रॉक बँड त्या संध्याकाळी छावणीतल्या दोन खोल्या झाडत होता. दिगू केस फडक्यात बांधून जळमटं काढत होता, अमोल फरशी घासत होता, त्याची आई दारात खुर्ची टाकून 'कोपरा राह्यला, कोपरा' म्हणत देखरेख करत होती. रोहनला मी चहा-साखर, दूध आणि गॅसची नळी आणायला पिटाळलं. तो दोन्ही फोन खिशात टाकून मुकाट्यानं गेला. फळीवर पातेली सापडली, तळाला पोचे पडलेली. काही तिनं सासरी नेली होती, काही इथंच ठेवली होती. दिगूनं एक उलटं करून बोटांनी वाजवलं, मग पुसून गॅसशेजारी मांडलं.

पुन्हा पिशोर

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं निघालो, दिगू, सलीमभाई आणि मी. माझी खरं तर गरज नव्हती, पण दिगू म्हणाला, "तुम्ही चला. मधेच परत फिरलो तर पुन्हा ओरडा."

परत फिरायची वेळ आली नाही, तरी अडकलो मात्र. पिशोरचा आठवडी बाजार भरला होता. आक्कासाठी साडी आणि हिरव्या बांगड्या घ्यायला दिगू उतरला आणि पोरांनी त्याला ओळखलं. सेल्फीवर सेल्फी! एका मिरचीवाल्या आजींनी त्याला विचारलं, "तू टीवीतला व्हय? मंग इकडं काय करू राह्यला?"

"बहिणीला न्यायला आलोय आजी."

"मंग इथं कामून उभा? जा की!" आजींनी गर्दीला मिरचीच्या रिकाम्या पोत्यानं हाकललं आणि वाट करून दिली.

आक्का आत भाकरी थापत होती. दारात दिगू उभा, हातात साडी, बांगड्या आणि नारळ. दाजींनी मुद्दाम मोठ्यानं हाक दिली, "आवं, मुराळी आलाय."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. हातातली भाकरी तिनं पूर्ण थापली, तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. आम्ही सगळे दारात आणि दिगू नुसता घामाघूम. मग ती हात पुसत तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

"केस लई वाढले रे दिग्या," ती म्हणाली.

दिगू ओट्यावर खाली बसला आणि तिच्या पदरात तोंड घालून रडला. आक्का रडली नाही. ती एका हातानं त्याच्या डोक्यावर थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं आत खूण करत होती, की भाकरी करपतेय, कुणी तरी बघा. मीच पळाले आणि तव्यावर हात भाजून घेतला.

जेवल्याशिवाय सुटका नव्हतीच. मग आक्का नवी साडी नेसून आली आणि दाजींनी दाराआडून पिशवी उचलली. तीच पिशवी, तोच घडी घातलेला टॉवेल. मी दाजींकडे पाहिलं, ते म्हणाले, "दर पंचमीला भरती. मंग रिकामी करती. आवंदा कार्यक्रम हाय म्हणल्यावर पुन्यांदा भरली."

गाडी गावाबाहेर पडताना आक्कानं काच खाली करून बोट दाखवलं. आल्याच्या वाफ्यांपलीकडे, मक्याच्या मधोमध एक बुजगावणं उभं होतं, अंगात काळा टीशर्ट, छातीवर कवटी.

"काल उभं केलं," ती समाधानानं म्हणाली. "एक पाखरू येत नाय."

वाटेत मी ठरल्याप्रमाणे मुलाखत घेतली. प्रश्न दिगूला विचारले, उत्तरं आक्कानं दिली. पहिलं गाणं कधी सुचलं? "पाचवीत. मास्तराच्या टकलावर." संगीताची प्रेरणा? "आभ्यास नको व्हता, दुसरं काय." दिगू मधूनमधून 'आक्का!' म्हणत होता. मी माझ्या लेखातला मृत्यूही तिला सांगून टाकला. ती इतकी हसली की सलीमभाईंना गाडी हळू करावी लागली. "मरणाला काय मूळ लावावं लागतं व्हय, बाई? ते येतंय आपलं आपणच."

रोहनचे फोनवर फोन येत होते. तरी आक्का मैदानाकडे आधी जायला तयार नव्हती. आधी माहेर. छावणीतल्या घरात शिरून तिनं कोपऱ्यांवरून नजर फिरवली, गॅस पेटवला, पोचे पडलेल्या पातेल्यात पिशोरचं आलं किसून चहा टाकला. "आता म्हण ते गाणं," ती दिगूला म्हणाली. "फोनवर आयकलंय, पर त्यात नुस्ता धडधडाट."

चहा उकळत होता, दिगू दाराशी बसून नुसत्या गिटारवर हळू आवाजात गायला.

पाय धुऊन बसले दारी,
उंबऱ्यावर ऊन उतरी,
न्यायला कुणी येईना.

आक्कानं पूर्ण ऐकलं. चहा गाळला. मग म्हणाली, "चांगलं हाय. पर शेवट खोटा हाय."

"खोटा?"

"आलास ना तू? मंग 'येईना' कशाला? लोकं म्हणतील, कौसाचा भाऊ आलाच नाय."

"ताई, ते लोकांना पाठ आहे," रोहन कळवळून म्हणाला. "सगळं मैदान ती ओळ म्हणतं. ती बदलता नाही येणार."

"मैदान आलं व्हतं का मला न्यायला?" आक्कानं त्याच्या हातात कप दिला. "तू च्या पी."

मैदान

सूर्य मावळता मावळता कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या रांगेत सोफ्यावर आक्का, दाजी आणि मी. मी माझे महागाचे बोळे काढून तिला देऊ केले, तर तिनं कमरेच्या पिशवीतून घरचा कापूस काढला, सरकी काढून दोन बोळे वळले आणि कानात घातले. दाजींना दोन, मलाही दोन. खरं सांगते, माझ्या बोळ्यांपेक्षा ते सरस होते.

गाण्यामागून गाणी झाली. आक्का मांडीवर हात ठेवून, पंगतीत बसल्यासारखी सरळ बसली होती. मधेच पाठीमागे उसळणाऱ्या पोरांना 'पडाल रे' म्हणत होती. मग दिवे मंद झाले आणि ओळखीचे सूर निघाले. मैदान ओरडलं. मी पाहिलं तर आक्कानं कानातला कापूस काढून मुठीत धरला होता.

दिगू गायला. त्याला मी अनेकदा ऐकलंय, त्या संध्याकाळसारखं कधी नाही. शेवटची ओळ आली, त्यानं तोंड माइकपासून दूर घेतलं आणि ती लोकांना दिली. हजारो गळ्यांनी ती म्हटली, नेहमीसारखी, जीव तोडून: न्यायला कुणी येईना! अमोलनं ड्रम थांबवला. मला वाटलं, संपलं. रोहनला तसं वाटून हायसं झालं असावं, कारण तो टाळ्या वाजवायला लागला.

मग दिगू माइकजवळ आला. वाद्य नाही, काही नाही.

उशिरा आला, पण आला गं.

एवढीच ओळ. मैदानाला काय करावं कळेना. आणि मागून कुठून तरी एका मुलीनं ती ओळ उचलली, मग तिच्या शेजारच्यांनी, मग सगळ्यांनी. मी काही लिहून घेतलं नाही. मी रडत होते आणि या वेळी आमटीवर ढकलायची सोय नव्हती.

आक्कानं पदर सावरला, माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बरोबर."

घरी

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या घरातून मी निघाले. हॉटेलची ती खोली रिकामीच राहिली. आक्का आणि दाजी अजून चार दिवस माहेरी राहणार होते. मुराळ्याला निरोप देताना टॉवेल-टोपी द्यायची पद्धत आहे. आक्का पेचात पडली. "तुमी मुराळी, म्हणून टोपी. पर बाई, म्हणून ओटी." शेवटी दोन्ही केलं. खणा-नारळानं ओटी भरली, डोक्यावर पांढरी टोपी घातली, आणि तशीच मी सलीमभाईंच्या गाडीत बसले. पिशवीतला तो घडी घातलेला नवा टॉवेल मुराळ्यासाठीच होता. तो दिगूच्या खांद्यावर होता.

"तुमाला माहेरी न्यायला कोण येतं?" आक्कानं काचेतून विचारलं.

"कुणी नाही. मी जाते की आपली."

ती नुसतं 'हं' म्हणाली, अगदी दिगूसारखं.

पुण्यात आल्यावर तिसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला भावाला फोन केला. म्हटलं, यंदा मला न्यायला ये. तो हसला. म्हणाला, अगो, थेट गाडी आहे की, रात्री बसलीस की सकाळी दारात. मी म्हटलं, गाडी आहे हे मला ठाऊक आहे. तू ये. तो मग म्हणाला, बरी आहेस ना?

हा लेख पुरा करत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात तो उभा, रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेला, काखेत नारळांची पिशवी, कपाळावर आठ्या. "आलो बाई," म्हणाला. "आता चल."

मी त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो बघतच राहिला. पिशवी मी दाराआड भरूनच ठेवली होती.